शिरेतील इंजेक्शननंतरचे पश्चात्कर्म : सिराव्यधाचे नियम येथे लावू नयेत

आठ वर्षांपूर्वीचा एक रुग्ण माझ्या स्मरणातून जात नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका रोलिंग मिलमध्ये काम करणारा, वय ४६ वर्षे. रोज आठ-दहा तास भट्टीजवळ उभे राहण्याचे काम. डाव्या पायावर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत वेटोळे घातलेल्या शिरा, सायंकाळी सूज, पाय जड होणे आणि घोट्याच्या आतील बाजूस काळसर पडलेली त्वचा. सर्व लक्षणे सिराकौटिल्याची, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्सची होती. शल्यचिकित्सकांकडे जाऊन त्याने शिरेत फोमचे इंजेक्शन घेतले, एस.टी.ने तो गावी परतला आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या दवाखान्यात आला. पायाला पट्टी होती, शिरेत ओढ आणि मंद ठणका होता.

त्याने विचारले, “डॉक्टरसाहेब, आता काय पथ्य पाळू?” मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “आठ दिवस अंथरुणावर पडून राहा. पाय उशीवर ठेवा. चालणे बंद.” हे सांगताना माझ्या मनात ग्रंथाचा आधार होता, त्यामुळे आवाजातही खात्री होती. रुग्णाने आज्ञा तंतोतंत पाळली. सहाव्या दिवशी त्याचा मुलगा त्याला रिक्षात घालून घेऊन आला. पोटरी ताठ व तुळतुळीत झाली होती, पाऊल सुजले होते आणि पाय जमिनीवर टेकवत नव्हता. त्याच दिवशी डॉपलर तपासणी करविली. पोटरीतील खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. पुढे तीन महिने रक्त पातळ ठेवणारे औषध घ्यावे लागले. सुदैवाने गुठळी वर सरकली नाही. रुग्ण बरा झाला आणि आज तो कामावर आहे.

गुठळी केवळ माझ्या सल्ल्यामुळेच झाली, असे सिद्ध करता येणार नाही. परंतु त्या गडबडीत मुलाने खिशातून शल्यचिकित्सकांची चिठ्ठी काढून दाखविली, तेव्हा तिच्यावर स्पष्ट लिहिलेले होते : रोज दोन वेळा अर्धा तास चालणे. ती चिठ्ठी पहिल्या दिवशीही रुग्णाच्या खिशात होती. मी ती मागितली नव्हती. हा लेख त्या न वाचलेल्या चिठ्ठीतून जन्मलेला आहे.

२०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तथापि माझ्याकडे येणारे या विकाराचे बहुतेक रुग्ण आजही इंजेक्शनसाठी सुमारे साठ किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर गाठतात व त्याच दिवशी परततात. परतूर, मंठा, घनसावंगी, भोकरदन येथील रुग्णास रात्री पाय ठणकला तर तो पुन्हा शहरात जात नाही. तो गावातील वैद्याकडे किंवा कोपऱ्यावरील औषध-दुकानात जातो. म्हणजेच इंजेक्शन दुसऱ्याने दिलेले असले तरी पश्चात्कर्म बहुधा आपल्याच हाती येते. ते आपणांस नेमके ठाऊक असले पाहिजे.

इंजेक्शनने नेमके काय घडते

पायातील अशुद्ध रक्तापैकी सुमारे ९० टक्के रक्त स्नायूंच्या आतील खोल शिरांतून हृदयाकडे परतते. त्वचेखालील शिरांतील झडपा निकामी झाल्या की रक्त उलट खाली येते, शिरा फुगतात आणि वेटोळे घेतात. अशा बिघडलेल्या शिरेत क्षोभक द्रव्य सोडून ती कायमची मिटविणे, हा या उपचाराचा हेतू आहे. त्यास स्क्लेरोथेरपी म्हणतात. सोडियम टेट्राडेसिल सल्फेट व पॉलिडोकॅनॉल ही दोन द्रव्ये त्यासाठी प्रामुख्याने वापरली जातात. इटलीतील टेसारी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीनुसार दोन सिरिंज व तीन तोंडांची तोटी यांच्या साहाय्याने एक भाग द्रव व साधारण चार भाग हवा घुसळून दाट फेस तयार केला जातो. हा फेस शिरेतील रक्त बाजूस सारून आतील अस्तराला भिडतो, म्हणून मोठ्या शिरांत तो पातळ द्रवापेक्षा अधिक उपयोगी ठरतो.

द्रव्याच्या स्पर्शाने अस्तर जळते, शीर आकुंचन पावते व तिच्या भिंती एकमेकींस चिकटतात. पुढील काही आठवडे ते महिने शरीर त्या शिरेची दोरी बनविते आणि शेवटी ती शोषून घेते. या अवधीत दोन गोष्टी साधाव्या लागतात. मिटलेल्या शिरेत पुन्हा रक्त भरू नये, यासाठी बाहेरून दाब हवा. खोल शिरांतील रक्त मात्र थांबता कामा नये, यासाठी पोटरीचे स्नायू हलते हवेत. बांधणे आणि चालणे या दोन शब्दांत संपूर्ण पश्चात्कर्म सामावलेले आहे.

ग्रंथ काय सांगतो आणि आपण कोठे चुकतो

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात सिराज ग्रंथीचे वर्णन केले आहे. दुर्बल व्यक्तीने अतिश्रम केल्याने वायू सिरांच्या जाळ्यास पीडित व संकुचित करून उंचवटा निर्माण करतो, असे ते सांगतात. सरुज व चल ग्रंथी कष्टसाध्य, तर वेदनारहित, अचल, मोठी किंवा मर्मस्थानी झालेली ग्रंथी वर्ज्य मानली आहे. उभ्याने श्रम करणाऱ्या आपल्या रुग्णांकडे पाहता हे निरीक्षण किती सूक्ष्म होते, हे ध्यानी येते.

सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात रक्त थांबविण्याचे संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार उपाय आले असून दाहाने सिरा संकोच पावतात, असे म्हटले आहे. आजचा लेसर किंवा रासायनिक क्षोभ म्हणजे तोच उपाय, असे मी म्हणणार नाही. ग्रंथातील संदर्भ रक्तस्रावाचा आहे. तथापि संकोचाचे हे तत्त्व ज्यास परिचित आहे, त्या वैद्यास स्क्लेरोथेरपी समजून घेणे कठीण जाऊ नये.

आपण चुकतो ते पुढच्या टप्प्यावर. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात सिराव्यध झालेल्या रुग्णाने बल येईपर्यंत, काहींच्या मते महिनाभर, काय टाळावे याची सूची आहे. क्रोध, आयास, दिवास्वप्न, यान यांच्यासोबत तेथे चंक्रमण, म्हणजे फिरणे, हेही वर्ज्य सांगितले आहे. माझ्या मनातील ग्रंथाधार तो हाच. परंतु तो नियम रक्त काढून दुर्बल झालेल्या, स्नेहन-स्वेदन व शोधन घेतलेल्या रुग्णासाठी आहे. स्क्लेरोथेरपीत रक्त काढले जात नाही व बलहानीही होत नाही. येथे भय रक्त साकळण्याचे आहे. दोन्ही कर्मांत सुई शिरेत जाते एवढेच साम्य पाहून एकाचे पश्चात्कर्म दुसऱ्यास लावले, तर ती ग्रंथनिष्ठा ठरत नाही. तो संदर्भाचा विसर होय.

बंधाच्या बाबतीतही असाच विवेक हवा. व्रणबंधाच्या प्रकरणात ऊरूवर गाढ व शाखांवर सम बंध सांगितला आहे. शिरेच्या इंजेक्शननंतरचा दाब याच्या उलट असतो : घोट्याशी सर्वाधिक व वर जाताना कमी. मांडीशी आवळून घोट्याशी सैल बांधलेली पट्टी रक्ताचा परतीचा मार्गच अडविते.

कोणता त्रास अपेक्षित, कोणता नाही

रुग्ण घाबरून येतो तेव्हा बहुतेक वेळा लक्षण अपेक्षित असते. ते ओळखून धीर देणे हेही चिकित्सेचेच अंग आहे.

पहिले तीन-चार दिवस शिरेच्या मार्गावर ओढ, हळवेपणा, निळसर डाग व किंचित खाज असते. चालल्यावर ओढ कमी होते, हे रुग्णास करून दाखवावे. त्यानंतर शिरेच्या जागी कठीण, दोरीसारखी गाठ हातास लागते. ती मिटलेली शीरच असते व हळूहळू विरघळते.

साधारण पहिल्या ते सहाव्या आठवड्यात काही रुग्णांत गाठ अधिक दुखते, तांबूस व उष्ण होते. मिटलेल्या शिरेत अडकलेले जुने रक्त हे त्याचे सामान्य कारण होय. अंबड तालुक्यातील एका शिक्षिकेस चौथ्या आठवड्यात असा त्रास झाला. “गाठीत पू झाला” असे कोणीतरी सांगितल्याने त्या फार घाबरल्या होत्या. घरच्यांनी गरम विटेचा शेक दिला, त्याने वेदना दुप्पट झाल्या. मी त्यांना शल्यचिकित्सकांकडे परत पाठविले. त्यांनी सुईने बारीक छिद्र पाडून काळपट रक्त दाबून काढले व त्या सायंकाळपर्यंत वेदना बऱ्याच शमल्या. हे रक्त वेळीच काढले तर मागे राहणारा डागही फिका राहतो.

तपकिरी डाग हा दुसरा नित्याचा प्रश्न आहे. तो शिरेच्या रेषेवर उमटतो व बहुतेकांत सहा महिने ते वर्षभरात फिका होतो. या डागासाठी घाईने तीव्र लेप लावू नयेत. कधी कधी इंजेक्शनच्या आसपास अतिसूक्ष्म लाल केशिकांचे जाळे दिसू लागते. तेही पुष्कळदा काही महिन्यांत ओसरते.

पहिल्या तीन आठवड्यांची दिनचर्या

शल्यचिकित्सकांची चिठ्ठी हा पहिला आधार मानावा. शिरेचा आकार, द्रव्य व मात्रा यांनुसार सूचना बदलतात. काही जण दाबाचे मोजे थोडे दिवस, तर काही दोन-तीन आठवडे वापरण्यास सांगतात. चिठ्ठी उपलब्ध नसेल तर दूरध्वनी करून विचारावे. सामान्यतः पुढील गोष्टी सांगता येतात.

चालणे : इंजेक्शननंतर लगेच वीस ते तीस मिनिटे व नंतर रोज सपाट जमिनीवर, दाबाचे मोजे घालून. बसावे लागलेच तर दर तासाला उठून पाच मिनिटे चालावे. झोपताना पाऊल घोट्यातून वर-खाली हलवावे. धावणे, वजन उचलणे, दंडबैठका दोन आठवडे नकोत.

राजूरच्या गणपतीला पायी जाण्याविषयी आपल्याकडील रुग्ण हमखास विचारतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती चतुर्थी आली तर दर्शन पुढच्या चतुर्थीस घ्यावे, असे मी सांगतो. चालण्यापेक्षा दर्शनाच्या रांगेत तास-तास उभे राहणे अधिक बाधक आहे.

प्रवास : एस.टी. किंवा रेल्वेचा दीर्घ प्रवास पहिले काही आठवडे टाळावा. उपचाराच्या दिवशी परतताना वाटेत उतरून चालावे. शक्य असल्यास पहिली रात्र शहरातील नातलगांकडे काढावी.

उष्णता : कढत पाण्याने स्नान, शेक, वाफारा व उन्हात पाय उघडे ठेवणे वर्ज्य. भट्टीसमोर काम करणाऱ्या मिल-कामगारास निदान दोन आठवडे दुसऱ्या जागी काम द्यावे, अशी चिठ्ठी मालकाच्या नावे अवश्य द्यावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा घट्ट मोजे दिवसभर घालणे फार थोड्यांस जमते. उपचाराची निकड नसेल, व्रण किंवा रक्तस्राव नसेल, तर कार्तिक ते माघ हा काळ निवडण्याचा सल्ला द्यावा.

आहार-विहार : मलावरोधात कुंथल्याने पायांतील शिरांवरचा भार वाढतो. कोमट पाणी, पालेभाज्या, रात्री त्रिफळा किंवा इसबगोल यांनी कोष्ठ मोकळा ठेवावा. पाणी भरपूर द्यावे. तंबाखू व धूम्रपान बंद करण्यास हीच वेळ योग्य असते, कारण या दिवसांत रुग्ण ऐकतो.

अभ्यंग, लेप, गुग्गुळ आणि जळू

या विषयावर आपल्यात मतभेद होतील याची जाणीव ठेवून माझे मत मांडतो.

मर्दन पहिल्या काही आठवड्यांत मुळीच करू नये. साकळलेल्या शिरेवर जोराने चोळण्यात धोका आहे. खोल शिरेत गुठळी असेल तर मर्दन प्राणघातकही ठरू शकते. सहचरादि तैलासारखी योजना पुढे करावयाची झाल्यास दाबाचे मोजे थांबल्यावर, शल्यचिकित्सकांची फेरतपासणी झाल्यावर व केवळ हलक्या हाताने लावण्यापुरती करावी. तेलाने मोज्यांचे रबर खराब होते व ते घसरतात, हेही ध्यानात ठेवावे.

स्वेदन व उपनाह या अवस्थेत निषिद्ध समजावेत. लेप पट्टीखाली लावू नये, कारण वाळलेला लेप दाबाखाली त्वचा खरवडतो. उघड्या त्वचेवर खाज असेल तर शतधौत घृताचा पातळ थर पुरेसा होतो.

गुग्गुळकल्प सिराकौटिल्यात आपण नेहमी वापरतो. परंतु रुग्ण रक्त पातळ करणारे औषध घेत असेल तर गुग्गुळ, लसूणकल्प किंवा कोणतेही नवे औषध शल्यचिकित्सकांना कळविल्यावाचून सुरू करू नये. अशा संयोगाने रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते. वेदनेसाठी पॅरासिटामॉल बहुधा पुरते.

जलौकावचारण हे आपले समर्थ शस्त्र आहे. सिराकौटिल्यातील जीर्ण व्रण व त्वग्विकारांत मी ते वापरतो. परंतु नुकत्याच इंजेक्शन दिलेल्या शिरेवर जळू लावू नये. तेथे संसर्गाची भीती आहे. शिवाय रुग्ण रक्त पातळ करणारे औषध घेत असेल तर दंशातील स्राव थांबविणे अवघड जाते.

धोक्याची चिन्हे

स्क्लेरोथेरपीनंतर खोल शिरेत गुठळी होण्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे. परंतु तो एक रुग्ण आपल्या खुर्चीसमोर बसलेला असू शकतो. त्यासाठी दवाखान्यात मोजपट्टी हवी. गुडघ्याखालील हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजावा. फरक तीन सेंटिमीटरहून अधिक असेल, किंवा फरक कमी असूनही खोलवर दुखत असेल, तर त्याच दिवशी डॉपलर करवावी. पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का, एवढ्याच परीक्षेवर विसंबू नये. ती फसवी आहे. पहिल्याच भेटीत घेर लिहून ठेवला तर पुढच्या भेटीत तुलना करता येते.

पुढील प्रत्येक लक्षणात रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे :

१. एकाच पायाची वाढती सूज, ताठ पोटरी, पाय टेकवता न येणे.
२. अचानक धाप, छातीत कळ, खोकल्यातून रक्त, मूर्च्छा.
३. शिरेवरील लाली व दोरी मांडीत जांघेकडे किंवा गुडघ्यामागे सरकणे.
४. इंजेक्शनच्या जागी तीव्र वेदना, त्वचा पांढरी वा निळी-काळी पडणे, व्रण होणे.
५. अंगावर गांधी, ओठ-चेहरा सुजणे, श्वासास अडथळा.
६. बोलणे अडखळणे, हात-पाय लुळा पडणे, दृष्टी जाणे. फोमनंतर पहिल्या काही मिनिटांत डोळ्यांपुढे चमकणे बहुधा आपोआप थांबते. तरी तेही शल्यचिकित्सकांस कळवावे.

दुसऱ्या, पाचव्या व सहाव्या प्रसंगी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णास एकट्याने एस.टी.त बसवून देऊ नये.

औषध-दुकानदार बंधूंसाठी

दाबाचे मोजे हे औषधच आहे व त्यालाही मात्रा असते. चिठ्ठीत लिहिलेला दाब पाहूनच मोजे द्यावेत. या उपचारानंतर घोट्याशी साधारण २० ते ३० मि.मी. पाऱ्याचा दाब नेहमी सांगितला जातो. माप सकाळी, सूज येण्यापूर्वी, घोटा व पोटरी या दोन्ही ठिकाणी घ्यावे. मांडीपर्यंतचे मोजे असतील तर मांडीचेही घ्यावे. “मोठा साइज द्या, सैल बरा” ही मागणी मान्य केल्यास रुग्णाचे पैसे वाया जातात. मोज्याची वरची कड गुंडाळून गुडघ्याखाली आणू नये, हे प्रत्येकास सांगावे, कारण गुंडाळलेली कड दोरीप्रमाणे आवळते. मोजे सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावेत.

मधुमेही, वृद्ध व तंबाखू खाणाऱ्या रुग्णाच्या पावलावरील नाडी लागत नसेल, किंवा चालताना पोटरीत गोळे येत असतील, तर धमनीचा रक्तपुरवठा तपासल्यावाचून घट्ट मोजे देऊ नयेत. गर्भनिरोधक गोळ्या किंवा संप्रेरके घेणाऱ्या स्त्रीने शिरेच्या इंजेक्शनचा उल्लेख केल्यास ती गोष्ट शल्यचिकित्सकांना सांगण्यास सुचवावे. आणि “पाय दुखतो, मालिशचे तेल द्या” असे कोणी म्हटले, तर बाटली काढण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : “शिरेत इंजेक्शन घेतले आहे का?”

समारोप

आपले शास्त्र कर्माचे पूर्व, प्रधान व पश्चात् असे तीन भाग करते आणि तिन्हींस सारखेच महत्त्व देते. शिरेच्या इंजेक्शनमध्ये प्रधानकर्म शहरात होते व पश्चात्कर्म आपल्या गावात. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे रुग्णाच्या खिशातील चिठ्ठी. ती मागून घ्यावी, दोन्ही पोटऱ्या मोजाव्यात, पट्टी खालून वर नीट आहे की नाही हे पाहावे आणि रुग्णास आपल्यासमोर दवाखान्याच्या अंगणात चालावयास लावावे. यास दहा मिनिटे लागतात. त्या मिल-कामगाराला मी पहिल्या दिवशी ही दहा मिनिटे दिली नव्हती. आपल्यापैकी कोणासही तशी रुखरुख पुढे वागविण्याची वेळ येऊ नये, यासाठीच हा लेखनप्रपंच. वैद्यबंधू-भगिनींनी आपले अनुभव, विशेषतः चुकलेले अनुभव, या अंकातून मोकळेपणाने मांडावेत, अशी नम्र विनंती आहे.